व्हिटॅमिन ‘पी’ कुठं गेलं?

मोसंबी सोलताना आपण काय करतो? वरची साल काढतो आणि मग आतली पांढरी, कापसासारखी साल नखानं खरवडून फेकून देतो. काहीजण तर फोडीवरचा पातळ पापुद्राही सोलतात, कारण तो किंचित कडसर लागतो. अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या बागांतली मोसंबी ज्यूस सेंटरवर पिळली जाते, तेव्हाही हा पांढरा भाग चोथ्याबरोबर बादलीत जातो. आणि त्याच्यासोबत जातं हेस्पेरिडिन.

हेस्पेरिडिन हा एक फ्लेव्होनॉइड. वनस्पतींमधल्या हजारो रसायनांच्या मोठ्या खानदानाचं हे आडनाव समजा. कांद्यातलं क्वेर्सेटिन, चहातली कॅटेचिन्स, जांभळाचा जांभळा रंग, होळीला पळसाच्या फुलांतून उतरणारा केशरी रंग, सगळे याच घरातले. (हळद मात्र नाही, तिचं घराणं वेगळं.) गंमत बघा, आपण जे फेकतो तेच कुणीतरी शुद्ध करून डबीत भरतं, वर ‘सायट्रस बायोफ्लेव्होनॉइड्स’ असं लिहितं आणि मोबाइलवर ती डबी आपल्यालाच विकतं. इम्युनिटी वाढेल, त्वचा उजळेल, स्टॅमिना येईल. जिममधला एखादा दादाही छातीठोकपणे सांगतो, घे रे, नॅचरल आहे, काही होत नाही.

या डबीचा इतिहास शोधत मागे गेलं की आपण पोचतो हंगेरीत, एका अतरंगी माणसाच्या प्रयोगशाळेत. त्याचं नाव आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी. हंगेरियन लोक या आडनावाचा उच्चार वेगळाच करतात आणि तो आपल्या जिभेला झेपत नाही, त्यामुळं आपण त्याला आल्बर्टच म्हणू.

आल्बर्ट जन्मला १६ सप्टेंबर १८९३ला, बुडापेस्टमध्ये. आईचं माहेर विद्वानांचं. आजोबा शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, मामाही त्याच विषयाचा नावाजलेला प्राध्यापक. आणि हा पोरगा अभ्यासात यथातथाच. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याला अचानक वाचनाचं वेड लागलं आणि आपणही संशोधक व्हायचं असं त्यानं जाहीर केलं. मिहाली लेनहोसेक मामानं चक्क विरोध केला. हा मठ्ठ पोरगा विज्ञानात काय दिवे लावणार, असं त्याचं स्पष्ट मत होतं. भाच्याचे मार्क सुधारले तसा मामा हळूहळू नरमला. शेवटी आपल्या प्रयोगशाळेत त्यानं भाच्याला जागा दिली, पण विषय दिला तो गुदद्वाराच्या आतल्या अस्तराचा! कारण मामाला स्वतःला मूळव्याध होती. पुढं नोबेल मिळवणाऱ्या या माणसाचा पहिला शोधनिबंध त्या जागेवर आहे. त्यानं स्वतः हा किस्सा आयुष्यभर मजेत सांगितला. तुम्हीही तो लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मेडिकलचं शिक्षण चालू असताना पहिलं महायुद्ध पेटलं. आल्बर्ट सैन्यात वैद्यकीय कामावर गेला, शौर्याचं पदकही मिळवलं. पण खंदकांत दोन वर्षं काढल्यावर त्याला त्या सगळ्याचा उबग आला. हे युद्ध हरलेलं आहे आणि तरी पोरं मरतायत, हे त्याला दिसत होतं. १९१६ मध्ये एक दिवस त्यानं बंदूक घेतली आणि स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली. शत्रूची गोळी लागली असं सांगितलं आणि घरी परतला. पकडला गेला असता तर शिक्षा ठरलेली होती. १९१७ मध्ये तो डॉक्टर झाला.

त्यानंतरची दहाएक वर्षं म्हणजे नुसती वणवण. युद्धानंतर हंगेरीचे तुकडे झाले, त्याची नोकरी असलेलं शहर दुसऱ्या देशात गेलं. प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन आणि मग नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन. बायको आणि लहान मुलगी सोबत, पगार जेमतेम. ग्रोनिंगेनमध्ये त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न शिरला. सफरचंद किंवा बटाटा कापून ठेवला तर काळा पडतो. लिंबू, संत्रं का पडत नाही?

आपल्या घरातही हे रोज दिसतं. चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही तर दहा मिनिटांत काळं होतं, मोसंबीची फोड मात्र तासभर तशीच. आल्बर्टनं ताडलं की लिंबाच्या रसात असं काहीतरी आहे जे काळं पडण्याची क्रिया थोपवून धरतं. तेच काहीतरी त्याला प्राण्यांच्या मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतही सापडलं. पण तेवढ्यात ज्यांच्या आधारावर तो काम करत होता ते प्राध्यापक वारले. नव्या साहेबाला हा माणूस पसंत नव्हता. पैसे संपले, बायको-मुलीला माहेरी पाठवावं लागलं. तो इतका खचला होता की जगण्यातच अर्थ वाटेना, हे त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलंय. जाता जाता एकदा शेवटचं म्हणून १९२६ मध्ये तो स्टॉकहोमच्या परिषदेला गेला. तिथं केंब्रिजचे सर फ्रेडरिक हॉपकिन्स अध्यक्षीय भाषण करत होते आणि त्या भाषणात त्यांनी या अनोळखी हंगेरियनाच्या कामाचा उल्लेख केला. भाषण संपल्यावर आल्बर्ट जाऊन भेटला. हॉपकिन्सनी त्याला केंब्रिजला बोलावलं. बस्स. गाडी रुळावर आली.

केंब्रिजला त्यानं तो पदार्थ स्फटिकांच्या रूपात वेगळा केला. होता साखरेच्या जातीचा, पण नक्की काय हे कळेना. नियतकालिकाला लेख पाठवताना त्यानं त्याचं नाव ‘इग्नोज’ ठेवलं, म्हणजे अज्ञानातली साखर! संपादक चिडले. मग त्यानं सुचवलं ‘गॉडनोज’, म्हणजे देवच जाणे. तेही नामंजूर. शेवटी सहा कार्बन होते म्हणून हेक्झ्युरोनिक ॲसिड असं सरळमार्गी नाव पडलं.

१९३१च्या सुमारास तो हंगेरीतल्या सेगेद या गावी प्राध्यापक म्हणून स्थिरावला. तिथं अमेरिकेतून आलेल्या स्वरबेली या तरुणानं गिनिपिगवर प्रयोग केले आणि १९३२ मध्ये उलगडा झाला की हेक्झ्युरोनिक ॲसिड म्हणजेच व्हिटॅमिन सी. अमेरिकेतल्या चार्ल्स किंगनं त्याच दिवसांत, दोन आठवडे आधीच, तसाच शोध छापला आणि श्रेयाचा वाद बरीच वर्षं धुमसत राहिला.

आता अडचण वेगळी होती. अभ्यासाला माल पुरेना. अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतून ग्रंथी गोळा करून त्यानं मोठ्या कष्टानं पंचवीसएक ग्रॅम जमवले होते, ते संपत आले. एका रात्री बायकोनं जेवायला लाल गोड मिरची वाढली. पाप्रिका. सेगेद गाव या मिरचीसाठी प्रसिद्ध, जसं जालना मोसंबीसाठी. त्याला ती खायची नव्हती, पण बायकोला तसं सांगायची हिंमत होईना. मग एकदम सुचलं की हिची तपासणी आपण कधी केलीच नाही. ताट घेऊन तो प्रयोगशाळेत गेला. मध्यरात्रीपर्यंत कळलं की मिरचीत व्हिटॅमिन सी ठासून भरलंय. काही आठवड्यांत ग्रॅमचा हिशेब किलोवर गेला. त्यानं ते जगभरच्या संशोधकांना वाटून टाकलं.

इथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत सापडते. डबीची गोष्ट इथून पुढं सुरू होते.

मिरची आणि लिंबाच्या अशुद्ध अर्कानं त्वचेखाली रक्त साकळणाऱ्या रुग्णाला गुण आल्याचं त्याच्या पाहण्यात होतं. मग त्याच तऱ्हेच्या रुग्णाला शंभर टक्के शुद्ध व्हिटॅमिन सी देऊन बघितलं. गुण आला नाही. शुद्ध औषध फेल आणि भेसळ असलेलं पास! दुसरा कुणी असता तर नोंद वहीत टाकून पुढं गेला असता. आल्बर्टनं उलटा विचार केला: मग ती ‘भेसळ’ काय आहे? इस्तवान रुस्न्याक या डॉक्टर सहकाऱ्याबरोबर त्यानं लिंबातून एक पिवळसर पदार्थ काढला, त्याला सिट्रिन नाव दिलं. त्यात होतं हेस्पेरिडिन आणि त्याची भावंडं. केशवाहिन्यांच्या भिंती त्यानं घट्ट होतात, रक्त पाझरत नाही, असं दोघांना दिसलं. १९३६ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की फ्लेव्होनॉइड हेही व्हिटॅमिनच आहे आणि त्याला ‘पी’ म्हणावं. हेस्पेरिडिन काही नवं नव्हतं. संत्र्याच्या सालीतून ते एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८२८ मध्येच काढलं होतं. नवीन होता तो माणसाच्या तब्येतीशी जोडलेला धागा.

याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं, तेही सांगायलाच हवं. तेव्हाच्या लाहोरमध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन नावाचे तरुण प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्याबरोबर फ्लेव्होन प्रयोगशाळेत कसं बनवावं यावर काम करत होते. त्यांनी आणि इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी स्वतंत्रपणे शोधलेली अभिक्रिया आज बेकर-वेंकटरामन रिअरेंजमेंट म्हणून शिकवतात. एमएस्सी ऑरगॅनिकवाल्यांना ती माहीत असेल (निदान परीक्षेच्या आदल्या रात्री तरी). १९३४ मध्ये वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटीत आले, १९३८ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ पासून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यांनी सांभाळली. फणसाच्या लाकडातल्या आणि तुतीच्या सालीतल्या फ्लेव्होनॉइडवरही त्यांनी काम केलं. ती यूडीसीटी म्हणजे आजची आयसीटी. तिचा मराठवाडा कॅम्पस २०१८ पासून आपल्या जालन्यात आहे, मोसंबीच्या बागांपासून हाकेच्या अंतरावर.

परत सेगेदला. १९३७ मध्ये आल्बर्टला नोबेल मिळालं, पेशींमधल्या ज्वलनक्रियेवरच्या आणि व्हिटॅमिन सीवरच्या कामासाठी. व्हिटॅमिन पीसाठी नाही. त्या पीची तर तोवर पंचाईत सुरू झाली होती. इतर प्रयोगशाळांनी गिनिपिगवर तोच प्रयोग करून बघितला आणि त्यांना तो परिणाम मिळेना. संशय असा आला की सिट्रिनमध्ये किंवा प्राण्यांच्या खाण्यात व्हिटॅमिन सीचा अंश राहून गेला असावा आणि खरी करामत त्याचीच असावी. म्हणजे आधी सीमध्ये पीची भेसळ आणि आता पीमध्ये सीची!

व्हिटॅमिन म्हणवून घ्यायला एक अट असते. ते मिळालं नाही तर ठरावीक आजार झाला पाहिजे आणि दिल्यावर तो बरा झाला पाहिजे. सी नसेल तर स्कर्व्ही होतो. फ्लेव्होनॉइड नसेल तर काय होतं? असा कुठलाच आजार कुणाला दाखवता आला नाही. १९५० मध्ये अमेरिकेतल्या जीवरसायन आणि पोषणशास्त्रज्ञांच्या संयुक्त समितीनं ‘व्हिटॅमिन पी’ हा शब्दच वापरू नये अशी शिफारस केली आणि चौदाच वर्षांत पी यादीतून गेलं. मला यात आल्बर्टची हार दिसत नाही. त्यानं दावा उघड्यावर मांडला, इतरांना तो तपासता आला आणि तपासणीत तो टिकला नाही. विज्ञानाचा कारभार असाच चालायला हवा. अडचण एवढीच की यादीतून गेलेलं नाव बाजारातून गेलं नाही. आजही काही जाहिरातींत फ्लेव्होनॉइडला बिनधास्त व्हिटॅमिन पी म्हणतात. दिसलं की समजायचं, यांची माहिती १९५०च्या आधीची आहे.

आल्बर्ट तोवर दुसरीकडे पोचला होता. स्नायू आकुंचन कसे पावतात यावर त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम काहींना त्याच्या नोबेलपेक्षाही मोठं वाटतं. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं तो इस्तंबूलला गेला आणि हंगेरीला हिटलरच्या बाजूनं बाहेर काढता येईल का, यासाठी त्यानं दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी केली. जर्मनांना सुगावा लागला. पुढं गेस्टापो मागावर असताना तो लपत राहिला, स्वीडननं त्याला नागरिकत्व देऊन आसरा दिला. १९४७ मध्ये तो अमेरिकेत वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी गेला आणि तिथलाच झाला. १९६३ मध्ये त्याची दुसरी पत्नी मार्ता कॅन्सरनं गेली. १९६९ मध्ये मुलगी नेलीही कॅन्सरनंच. उरलेलं आयुष्य तो कॅन्सरमागे लागला. तोडगा सापडला नाही. २२ ऑक्टोबर १९८६ला, ९३व्या वर्षी तो वारला.

आता त्या डबीकडे येऊ, कारण फ्लेव्होनॉइडचं पुढं काय झालं हा प्रश्न उरतोच.

व्हिटॅमिन नसलं तरी ते निरुपयोगी नाही. फळं, भाज्या, कांदा, चहा यांतून ज्यांच्या पोटात फ्लेव्होनॉइड नियमित जातात त्यांची हृदयाची तब्येत बरी दिसते, असं बऱ्याच पाहण्यांत आढळलंय. पण ती माणसं फळं-भाज्या खाणारी असतात, हेही विसरून चालत नाही. त्यातून एकच पदार्थ उपसून कॅप्सूलमध्ये भरला की तोच फायदा मिळतो, असं सिद्ध झालेलं नाही. हेस्पेरिडिन तर लहान आतड्यात फारसं शोषलंच जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात, मग थोडंफार रक्तात जातं. त्यामुळं डबीवरचा मिलिग्रॅमचा आकडा आणि अंगी लागलेला आकडा यांत बरंच अंतर असतं.

आणि ‘नॅचरल आहे, काही होत नाही’ हे तर साफ खोटं. कॅटेचिन कुळातलं सायनिडॅनॉल युरोपात कावीळ-हेपॅटायटिसवर औषध म्हणून विकलं जायचं. त्यानं काही रुग्णांच्या लाल रक्तपेशी फुटायला लागल्या, मृत्यू झाले आणि १९८५ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. ग्रीन टीचा अर्क वजन कमी करायला घेतात ना? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की त्यातलं ईजीसीजी हे कॅटेचिन सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला त्रास होण्याची चिन्हं दिसतात. कपभर चहा वेगळा आणि अर्काची गोळी वेगळी. चहाचीही एक गोष्ट आहेच. त्यातले हे पदार्थ जेवणातलं लोह अडवून धरतात, म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींनी जेवणाला लागून चहा टाळावा. मोसंबीतलं व्हिटॅमिन सी याच्या बरोबर उलट करतं, लोह शोषायला मदत करतं.

डबी घेतलीच असेल तर उलटी करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे सप्लिमेंट हे अन्न म्हणून विकलं जातं, म्हणून त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असायला हवा आणि हे औषधी वापरासाठी नाही असंही लिहिलेलं असायला हवं. समोर रोग बरा करण्याचा दावा आणि मागे ही ओळ, असं दिसलं तर कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. रक्त पातळ करणारी किंवा रोजची दुसरी कुठलीही गोळी चालू असेल, किडनी-यकृताचा त्रास असेल, ऑपरेशन ठरलं असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी डबी उघडायचीच नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, तो दोष मुख्यतः त्यांच्यातल्या वेगळ्या रसायनाचा. आपली मोसंबी त्या बाबतीत साधी आहे.

आणि ज्या ठिकाणी फ्लेव्होनॉइडनं खरोखर औषध म्हणून जागा मिळवली, ते ठिकाण ऐकून हसू येईल. हेस्पेरिडिनपासून डायोस्मिन बनवतात आणि ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन अधिक ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन अशी गोळी डॉक्टर लिहून देतात, पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी आणि मूळव्याधीसाठी. रक्तस्राव आणि त्रास कमी व्हायला तिची मदत होते, असं चाचण्यांमध्ये दिसलंय. आल्बर्टच्या मामाला ती चार दिवस आधी मिळायला हवी होती! फक्त तीही चिठ्ठीशिवाय, मित्राला लागू पडली म्हणून, लाजेपोटी परस्पर घेऊ नका. शौचावाटे रक्त जायला मूळव्याधीखेरीज दुसरी, जास्त गंभीर कारणंही असतात आणि ती तपासल्याशिवाय कळत नाहीत. मोसंबी मात्र बिनधास्त खा, रस गाळून नको, फोडी पापुद्र्यासकट.